निळ्या झळाळीचे कोडे : ली डी फॉरेस्ट

घरच्या घरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या हौशी मंडळींची कसोटी शेवटच्या मोठ्या नळीपेक्षा तिच्या आधीच्या नळीत लागते. संपूर्ण ध्वनिलहर एकाच नळीने पेलायची, अशा ‘सिंगल एंडेड’ रचनेत ३००बी ही नळी आजही आवडीने वापरली जाते. तिच्याकडून सात-आठ वॉट घ्यायचे, तर तिच्या ग्रिडवरचा विद्युतदाब दोन्ही दिशांना साठ-सत्तर व्होल्टांनी हलवावा लागतो. सीडी प्लेअर देतो जेमतेम तीन व्होल्ट. हा वीस-पंचवीस पटींचा फरक आवाज न बिघडवता भरून काढायचे काम ड्रायव्हर नळीचे. एका नळीने दुसरीला हाकण्याची ही युक्ती ज्यांनी सर्वप्रथम वापरात आणली, त्यांत अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट यांचे नाव ठळक आहे.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १८७३ रोजी आयोवा राज्यातील कौन्सिल ब्लफ्स येथे झाला. वडील धर्मोपदेशक. कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या अलाबामातील टॅलाडेगा महाविद्यालयाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा गावातल्या गोऱ्यांनी या कुटुंबाला दूर ठेवले. मुलाने आपल्यामागे धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाने मात्र येल विद्यापीठ गाठले आणि १८९९ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींवर डॉक्टरेट मिळवली.

फ्लेमिंग यांची दोन अग्रांची नळी १९०४ मध्ये आली होती. तापलेली तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या अखेरीस नागमोडी वळवलेली आणखी एक तार बसवली. हीच ग्रिड. तिच्यावरचा दाब किंचित बदलला, की पट्टीकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. या ‘ऑडिऑन’ नळीचे पेटंट त्यांना १९०८ मध्ये मिळाले. पण ती का चालते, हे त्यांना नीट उमगले नव्हते. नळीत उरलेला थोडासा वायूच प्रवाह वाहून नेतो, असे ते धरून चालले. प्रत्यक्षात ते काम इलेक्ट्रॉनचे, वायू हा त्यातला अडथळा.

पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. त्यांच्या कंपन्यांचे शेअर विकताना टपालाद्वारे फसवणूक झाल्याच्या आरोपावरून १९१२ मध्ये त्यांना अटक झाली. तेव्हा ते कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे फेडरल टेलिग्राफ कंपनीत होते. जामिनावर सुटून ते पुन्हा प्रयोगशाळेत बसले आणि त्याच वर्षी सहकाऱ्यांसह त्यांनी एका ऑडिऑनचा वाढलेला संकेत ट्रान्सफॉर्मरमार्गे दुसऱ्याच्या ग्रिडला, दुसऱ्याचा तिसऱ्याला दिला. क्षीण संकेत ठणठणीत ऐकू येऊ लागला.

ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस हे उपकरण घेऊन ते न्यूयॉर्कला टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांकडे गेले. हलका आवाज छान वाढला. जोर वाढवला, की नळीत निळी झळाळी उठे आणि बोलणे विरून जाई. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॅरल्ड अर्नोल्ड यांना कारण लगेच कळले. दाब वाढला, की उरलेल्या वायूचे आयनीभवन होते आणि ग्रिडचा ताबा सुटतो. आजची ड्रायव्हर नळी साठ-सत्तर व्होल्टांची झेप घेते, कारण तिला निर्धास्तपणे दोनशे-तीनशे व्होल्ट पुरवता येतात. वायू असलेल्या ऑडिऑनला ते पेलणारे नव्हते. अर्नोल्ड यांनी नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढली आणि ऑक्साइडचा लेप दिलेली तार वापरली. टेलिफोनसाठीचे हक्क कंपनीने १९१३ मध्ये ५०,००० डॉलरला घेतले, तेही स्वतःचे नाव न सांगता, वकिलामार्फत. सुधारलेल्या नळ्यांवर जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला.

गंमत अशी, की हा सौदा झाल्यानंतर काही महिन्यांतच उभ्या राहिलेल्या खटल्यात सरकारी पक्ष हीच नळी कवडीमोल असल्याचे सांगत होता! डी फॉरेस्ट निर्दोष सुटले, त्यांच्या दोन साथीदारांना मात्र शिक्षा झाली.

नळीचा वाढलेला संकेत तिच्याच ग्रिडला परत देण्याच्या शोधावरून एडविन आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कौल दिला. बहुतेक अभियंत्यांना तो पटला नाही, आणि त्यांचे मत रास्त होते. त्या परिपथाचे कार्य आर्मस्ट्राँग यांनीच नीट उलगडून दाखवले होते. त्यांनी आपले पदक रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेला परत देऊ केले, तेव्हा संस्थेने ते घेतले नाही.

फिल्मवरच ध्वनी उमटवणाऱ्या ‘फोनोफिल्म’साठी डी फॉरेस्ट यांनी पुढे बराच पैसा ओतला. धंदा बुडाला, तरी बोलपटांतील कामाबद्दल १९६० मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाले. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर ट्रान्झिस्टर रेडिओ लोकांच्या खिशात पोहोचले होते. ३००बी मात्र वेस्टर्न इलेक्ट्रिकच्याच कारखान्यात, १९३८ मध्ये जन्मलेली.