इरावतीबाईंचे बर्लिन

गणपती विद्येचा दाता. बर्लिनला राहत असल्यामुळे या दिवसांत मला नेहमी इरावतीबाई कर्वे आठवतात.

महर्षी कर्व्यांच्या या सूनबाई १९२८ साली इथे आल्या. डालेम भागातील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकात युरोपीयांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे फिशर यांना वाटे. ते तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी युरोपातील आणि वसाहतींमधून आणलेल्या कवट्या एकेक करून मोजल्या. फरक सर्वांतच होता. वंशाशी त्याचा काही संबंध दिसेना. पदवी ज्यांच्या हाती, त्यांच्याच मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष बाईंनी प्रबंधात मांडला आणि डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या.

संस्थेने मात्र त्यातून धडा घेतला नाही. १९३३ नंतर ती नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा आधार पुरवत राहिली. आउशवित्झच्या छळछावणीतील बळींचे अवशेषही तिथे तपासणीसाठी येत.

ती इमारत आज विद्यापीठाकडे आहे. तिच्यासमोरून जाताना वाटते, त्या आकड्यांचे तेव्हाच ऐकले असते तर विज्ञानाची वाट वेगळी झाली असती.

आपल्या मुलांना इरावतीबाईंचे ‘युगान्त’ वाचायला द्याच, पण ही हकिकतही सांगा. जे मोजून दिसेल तेच लिहिणारा शिष्य हवा, तसा ते ऐकून आपले मत बदलणारा गुरूही हवा. गणराय दोघांनाही तेवढी सद्बुद्धी देवो!