घामाचा हिशेब मांडणारे डॉ. हॉल्डेन

यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करणारा कारागीर आपल्या भिवंडीत गल्लोगल्ली भेटतो. त्याच्या अंगाची तलखी मोजण्याची रीत ज्यांनी दाखवून दिली, त्या डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन यांची ओळख आपणांस असावी.

त्यांचा जन्म १८६० साली एडिंबरो येथे सधन घराण्यात झाला. वैद्यकाची पदवी १८८४ साली मिळाली, पण दवाखाना थाटण्यापेक्षा खाणी, गटारे व कोंदट वस्त्या यांतील हवा तपासण्यात त्यांचे मन रमले. विषारी वायू ते स्वतः हुंगून पाहत. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना त्यांचीच.

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहते. उष्णता वाढली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व घाम सुटतो. मात्र घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, तीच गत दमट हवेत माणसाची होते.

हॉल्डेन कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत उतरले, प्रयोगशाळेतील तापविलेल्या खोलीत बसले आणि वरचेवर स्वतःचे तापमान घेत राहिले. १९०५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. साधा तापमापक काय दाखवितो याला फारसे महत्त्व नाही. पाऱ्याच्या गोळ्यावर ओले फडके गुंडाळलेला तापमापक पाहावा. स्थिर हवेत तो ३१ अंशांपुढे गेला, की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाच्याही अंगात तापासारखी उष्णता चढू लागते. अंगमेहनत करणाऱ्यासाठी ही मर्यादा बरीच खाली येते. वारा खेळता असेल तर थोडी वर जाते. खाडीकाठच्या आपल्या गावात, जेथे नागपूरइतका पारा चढत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, तेथे हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शेडला झरोका ठेवणे ही चैन नव्हे, हे त्या आकड्यांवरून मालकालाही पटावे.

(त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, येथलेच नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

पंचाहत्तरी गाठली तरी हॉल्डेन घरी बसले नाहीत. इराण व इराकमधील तेलकारखान्यांत कामगारांना उष्माघात होत असे. तो अभ्यासण्यास ते तिकडे गेले. परतल्यावर त्यांना न्यूमोनियाने गाठले आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.