आईचं एक मागणं विनोबांच्या कानात राहिलं आणि वर्ध्यात ‘गीताई’ लिहिली गेली

पोरगं तेरा-चौदा वर्षांचं झालं की आईची हाक त्याला ऐकू येते, पण आत शिरत नाही. घरोघरी ही तक्रार असते. यात पोराचा दोष कमी आणि वयाचा जास्त. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले आणि २०२२ साली निष्कर्ष मांडला. लहान मुलांचा मेंदू आईच्या आवाजाला जास्त दाद देतो, तर १३ वर्षांच्या पुढे अनोळखी आवाज त्याला जास्त खेचतात. घराबाहेर पडायची ती तयारीच असते.

मग आईचा आवाज कायमचा मागे पडतो का? त्याचं उत्तर वर्ध्याच्या विनोबांच्या आयुष्यात सापडतं.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या गागोदे गावचा. वडिलांची नोकरी बडोद्याला, त्यामुळे पुढचं शिक्षण तिथेच झालं. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण संतांचे अभंग त्यांना तोंडपाठ होते. स्वयंपाक करता करता त्या गुणगुणायच्या आणि ते सगळं लहानग्या विन्याच्या कानावर पडायचं.

वय वाढलं तसे बाहेरचे आवाज मोठे झाले. देशासाठी काही करायचं, नाहीतर हिमालयात जायचं, असं पोराच्या डोक्यात घोळू लागलं. कॉलेजात मन लागेना. एक दिवस त्याने आईसमोरच शाळा-कॉलेजचे दाखले चुलीत घातले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, तो सुरतला उतरून थेट काशीला गेला. तिथे गांधीजींच्या बनारसमधल्या भाषणाची चर्चा कानावर आली. पत्रं गेली, उत्तरं आली आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली.

घर सुटलं होतं, पण आईचं एक मागणं सोबत होतं. संस्कृत गीता त्यांना कळत नव्हती, म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली होती. त्याने वामन पंडितांचं भाषांतर आणून दिलं, तेही अवघड गेलं. तेव्हा तूच सोपी करून का लिहीत नाहीस, असं त्यांनी मुलाला विचारलं.

१९१८ साली रुक्मिणीबाई गेल्या. गीता लिहायची राहूनच गेली.

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा आश्रम चालवायला वर्ध्याला आले. पुढे ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी लिहायला घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला गीतेचे सातशे श्लोक सोप्या मराठीत उतरले. नाव ठेवलं गीताई, म्हणजे गीता आणि आई. पण जिने मागितली होती, ती वाचायला नव्हती.

पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ऐकणाऱ्यांमध्ये साने गुरुजी होते. त्यांनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हातात आहे.

भूदानही ऐकण्यातूनच सुरू झालं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी भूमिहीनांना गरज विचारली. त्यांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावापुढे शब्द टाकला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा तेरा वर्षं गावोगाव चालत राहिले.

उतारवयात पवनारच्या आश्रमात त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. लोक प्रश्न कागदावर लिहून द्यायचे. डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन पाळलं. त्याच काळात आणीबाणी आली. तेव्हाच्या त्यांच्या भूमिकेवर कडक टीका झाली. देशाचा आक्रोश त्यांना ऐकू आला नाही, असं त्यांच्या जवळच्या काहींनाही वाटलं. आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाच्या चरित्रातला हा भाग अवघडच आहे.

१५ नोव्हेंबर १९८२ ला धाम नदीकाठी पवनारला त्यांनी देह ठेवला.

वर्ध्याच्या गोपुरीत आज गीताई मंदिर आहे. तिथे ना मूर्ती, ना गाभारा. उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. घरातला आवाज पोराच्या कानावरून गेल्यासारखा वाटला, तरी कधीकधी तो असा कित्येक वर्षांनी उत्तर देतो.