रमाबाईंचे पहिले बिऱ्हाड
(बी.कॉम., भाग दोन)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बालाघाटला ताईकडे गेलो होतो. मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया आणि तिथे गाडी बदलून बालाघाट, असा हा लांबचा प्रवास. ताईचे लग्न होऊन जेमतेम वर्ष झाले आहे. दाजी भरवेलीला मँगनीजच्या खाणीच्या कचेरीत आहेत. आमच्या घरी आजीशी बोलायचे ते कन्नडमध्ये, शाळा झाली मराठीत, आणि आता ताईला भाजीवाल्याशी घासाघीस करायची ती हिंदीत. तिसऱ्या भाषेत नीट भांडता येत नाही म्हणून ती मेथीच्या जुडीला दोन रुपये जास्त मोजून येते, अशी दाजींची तक्रार असते.

रात्री तिकडच्या चिन्नोर तांदळाचा वासाचा भात जेवून झाला की ताई जमाखर्चाची वही घेऊन बसे. एके रात्री चाळीस रुपयांचा मेळ काही केल्या बसेना. घरात कॉमर्सचा विद्यार्थी असताना काळजी कसली, असे म्हणून मी वही ओढून घेतली, तेरीज मांडली, दोनदा बेरीज केली. चाळीस रुपये गेले ते गेलेच. शेवटी उलगडा झाला की मला स्टेशनवरून आणणाऱ्या रिक्षाचे ते भाडे होते. भावाचा खर्च कोणत्या खात्यात टाकावा हे न सुचल्याने ताईने तो लिहिलाच नव्हता. दाजी मनसोक्त हसले. ताई मात्र हसली नाही, तिचे डोळे भरून आले होते. चाळीस रुपयांसाठी कोणी रडते का, असे मला त्या वेळी वाटले.

माझ्या पिशवीत तेव्हा रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक होते. न्यायमूर्ती रानडे आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना ठाऊक असतात ते अर्थशास्त्राच्या पेपरापुरते. १८९२ साली डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, एवढे लिहिले की गुण मिळतात. रमाबाई कित्येकांना ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे माहीत झाल्या. पण नवे लग्न झालेल्या मुलीने घर मांडताना काय काय होते, हे वाचायचे असेल तर मूळ पुस्तकच हाती घ्यावे. ताईच्या घरी बसून वाचल्यामुळे असेल, मला त्यातले मोठ्या माणसांचे राजकारण कमी दिसले आणि संसारच जास्त दिसला.

रमाबाईंचे माहेर देवराष्ट्रे, म्हणजे आमच्याच सांगली जिल्ह्यातले. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा.) त्या कुर्लेकरांच्या यमुना. १८७३ च्या डिसेंबरात लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि माधवराव रानडे एकतीस वर्षांचे. रानड्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. ते सुधारक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेव्हा ते स्वतः विधवेशीच लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि तसे होईल या धास्तीनेच वडिलांनी घाईने ही मुलगी आणली. वडिलांच्या शब्दापुढे सुधारकाचे काही चालले नाही. त्याबद्दल लोकांनी त्यांना पुष्कळ दोष दिला. तो योग्यच होता असे मलाही वाटते. पण या साऱ्यात त्या अकरा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारले होते असे दिसत नाही.

सासरी आल्यावर नवऱ्याने पहिल्याच भेटीत काय केले? तिला आपले नाव विचारले, लिहितावाचता येते का ते विचारले, आणि येत नाही असे कळताच पाटी पुढे ठेवून मुळाक्षरे काढून दिली. संसाराचा आरंभ असा शाळेने झाला. दिवसा घरकाम आणि रात्री माडीवर अभ्यास, हा क्रम पुढे वर्षानुवर्षे चालला.

पुण्याच्या त्या घरात सासूबाई होत्या, माधवरावांच्या विधवा बहीण दुर्गाबाई होत्या, आणखीही वडीलधाऱ्या बायका होत्या. रमाबाई माडीवर मोठ्याने वाचू लागल्या की आवाज खाली जाई. मग खाली आल्यावर टोमणे आणि थट्टा ठरलेली. पुढे इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या तेव्हा तर फर्मान निघाले, की बाटलेल्या अंगाने स्वयंपाकघरात यायचे नाही. म्हणजे धडा झाला की स्नान! आम्हाला परीक्षेच्या भीतीने घाम फुटतो. रमाबाईंना धड्यापायी अवेळी गार पाण्याने भिजावे लागे आणि त्याने त्या आजारीही पडल्या.

इथे मला रानड्यांचा थोडा राग येतो. माडीवर शिकवणारे तेच, पण खाली कोणी बोलले तर त्यांनी वडीलधाऱ्यांना उलट उत्तर दिले असे सहसा घडत नसे. रमाबाईंनीही देऊ नये, सोसावे, असा त्यांचा उपदेश. ते कोर्टात निघून जात. दिवसभर खालच्या मजल्यावर राहायचे होते ते रमाबाईंना. आमच्या ताईला बालाघाटात टोमणे मारायला कोणी नाही, सासूबाई दूर नागपूरला असतात आणि फोनवर गोड बोलतात. तरी पहिल्या महिन्यात ती आईला रोज फोन करून रडत होती, हे मला ठाऊक आहे.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली, आणि या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग सुरू होतो. बदलीमागे सरकारची नाराजी होती असे म्हणतात. सरकारची नाराजी एखाद्या तरुण बाईच्या इतकी पथ्यावर पडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही! सोळा वर्षांच्या रमाबाई पहिल्यांदाच घराच्या मालकीण झाल्या. खर्च त्यांच्या हाती, गडीमाणसे त्यांच्या देखरेखीखाली, आणि मोठ्याने वाचले तरी खालून नक्कल करणारे कोणी नाही. पहाटे उठून पाठ म्हणावेत, नवरा कोर्टात गेला की घर पाहावे, संध्याकाळी फिरायला जावे, रात्री पुन्हा पुस्तक. रानड्यांचे डोळे अधू होते, त्यामुळे पुढे पुढे वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडेच आले. जी बायको अक्षरओळखीपासून शिकली तीच नवऱ्याचे डोळे झाली, असे म्हणायला हरकत नाही.

लोकहितवादी गोपाळराव देशमुख त्या वेळी नाशिकलाच न्यायाधीश होते. त्यांच्या घरच्या बायका आणि रमाबाई मिळून हळदीकुंकू करीत, मुलींच्या शाळेकडे लक्ष देत. त्या शाळेच्या बक्षीस समारंभाची हकीकत तर वाचावी अशीच आहे. समारंभ संपताना शाळाखात्याचे एक अधिकारी हार घेऊन पाहुण्या स्त्रियांपुढे आले. परक्या पुरुषाच्या हातून गळ्यात हार! रमाबाई संतापल्या आणि त्यांनी त्या गृहस्थांना तिथल्या तिथे झाडले. प्रसंग ओळखून लोकहितवादींनी आपल्या मुलीला पुढे केले आणि तिच्या हातून हार घालवला. घरी गेल्यावर रानड्यांनी यावरून बायकोची भरपूर थट्टा केली. बायकोला सभेत नेऊन बसवणारे तेच, आणि ती सभेत चिडली म्हणून हसणारेही तेच. दोघांचे एकमेकांशी कसे जमले असेल याची कल्पना मला या एका प्रसंगावरून येते.

या दिवसांत सारेच हसण्यासारखे होते असे मात्र नाही. रानडे रागावले तर ओरडत नसत, बोलणेच बंद करीत. रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळण्याचा रमाबाईंचा नेम होता. त्या वेळी चार गोष्टी होत. अबोला असला की तूप चोळले जाई, पण शब्द नाही. आमचे दाजी रागावले की दार आपटतात. पुस्तक वाचल्यापासून ताईचे मत असे झाले आहे की दार आपटणारा नवरा बरा, निदान कळते तरी.

आंब्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. रमाबाईंनी कौतुकाने उत्तम आंबे चिरून पुढे ठेवले. रानड्यांनी एखाददुसरी फोड खाल्ली, चांगली आहे म्हणाले आणि हात आवरला. आवडले तर मग खात का नाही, म्हणून रमाबाई हिरमुसल्या. त्यावर त्यांनी लहानपणीच्या एका शेजारणीची हकीकत सांगितली. तिचे चांगले दिवस गेले, पण जिभेला लागलेली सवय जाईना, म्हणून तिने जिभेला नेम घालून दिला होता. शाळेत ही गोष्ट संयमाचा धडा म्हणून सांगतात. मला मात्र राहून राहून चिरलेल्या आंब्यांचे ते ताट घेऊन बसलेल्या रमाबाई दिसतात.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरले आणि रानड्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवण्यात आले. तिथे त्यांचे टपालही फोडून पाहिले जाई. पुढे मुंबई, पुन्हा पुणे. म्हणजे पुन्हा तो खालचा मजला. पण आता माडीवरून उतरणारी मुलगी पूर्वीची राहिली नव्हती. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या, तेव्हा घरच्या बायकांचा रोष पत्करून त्या त्यांच्या सभांना जाऊ लागल्या. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनीच वाचून दाखवले. ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ साली निघाले. इंग्रजीपायी ज्यांना स्नाने करावी लागली त्यांचे इंग्रजी असे कामी आले.

१८८६ साली सरकारी खर्चाच्या काटकसरीसाठी नेमलेल्या समितीवर रानडे गेले. त्यामुळे दोघांचे सिमला, कलकत्ता असे फिरणे झाले. कलकत्त्यात रानड्यांना बंगाली शिकण्याचा ध्यास लागला. एके दिवशी आत कोणाशी तरी बोलणे चालले आहेसे वाटून रमाबाई पाहतात तो काय, न्हावी दाढी करतो आहे आणि स्वारी बंगाली पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचते आहे, चुकले की न्हावी उच्चार सुधारतो आहे! दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले होते, त्यांत आता या गुरूची भर, म्हणून रमाबाईंनी थट्टा केली. नाशिकच्या हाराचे उट्टे असे कलकत्त्यात निघाले. पुढे त्याच शिष्याने बायकोलाही बंगाली शिकवले. मी हा भाग वाचून दाखवल्यावर दाजी दुसऱ्या दिवशी गंभीरपणे म्हणाले की ताईनेही हिंदीसाठी भाजीवाल्यालाच गुरू करावे. मेथीचे दोन रुपये शिकवणीच्या खात्यात टाकता येतील.

पुढची हकीकत मोठ्या पुस्तकांतून मिळते. १८९३ साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १९०१ च्या जानेवारीत वारले. रमाबाई त्या वेळी चाळिशीच्याही आत होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि त्यात बायकांना शिकवण्याचे, परिचारिका घडवण्याचे काम त्यांनी १९२४ साली मृत्यू येईपर्यंत केले. १९६२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. ‘आठवणी’ प्रसिद्ध झाल्या १९१० साली. सगळ्या पुस्तकभर नवऱ्याचा उल्लेख नाव न घेता आहे. त्यामुळे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या बाईंनी पुस्तकाचे नावच ‘हिमसेल्फ’ असे ठेवले. आमची आजीही आजोबांचे नाव घेत नसे. कन्नडमध्ये ती ‘अवरु’ म्हणे, तेवढ्यावर सगळ्यांना कळे. ताई दाजींना सरळ नावाने हाक मारते.

निघताना पुस्तक मी बालाघाटलाच ठेवून आलो. परवा फोनवर दाजींनी सांगितले की जेवण झाल्यावर ताई त्यांना रोज चार पाने वाचून दाखवते, पण गाडी अजून धुळ्याच्या पुढे सरकलेली नाही. कारण मध्येच वही निघते. आता त्या वहीत ‘पाहुणे’ म्हणून एक स्वतंत्र खाते उघडले आहे आणि त्यात पहिली नोंद चाळीस रुपयांची आहे.