मापाला पक्के लक्ष्मणराव किर्लोस्कर

वाचकहो, आपले पणजे-खापरपणजे कोकणातून जहाजाने या बेटावर उसाच्या कामाला आले, त्याच शतकात, २० जून १८६९ रोजी, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. वेड होते ते चित्रांचे आणि यंत्रांचे. वडील काशिनाथपंतांची इच्छा नसताना, वडील बंधू रामूअण्णांच्या आधारावर, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले की त्यांना काही रंगांतील फरकच दिसत नाही. चित्रकार होणे संपले. पण यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात हात बसला होता. त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये महिना ४५ रुपयांवर शिक्षकाची जागा मिळाली.

यंत्राचे रेखाचित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे. दाखला दूरच्या कतारमधील घेऊ. तेथील वाळूच्या टेकड्यांवर निसानच्या पॅट्रोल जीपगाड्या धावतात. त्यांच्या एकाच घराण्यातील दोन इंजिने आहेत, आधीचे साडेचार लिटरचे आणि नंतरचे ४.८ लिटरचे. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास ९९.५ मिलिमीटर. म्हणून नव्याचा क्रँकशाफ्ट जुन्यात बसवून ताकद वाढवावी, असे कोणाही मिस्त्रीच्या मनात येईल. परंतु जुन्याचा स्ट्रोक ९६ मिलिमीटर, नव्याचा १०२. म्हणजे पिस्टन पूर्वीपेक्षा ३ मिलिमीटर वर जाणार आणि तितकाच खाली. त्याप्रमाणे पिस्टन व कनेक्टिंग रॉड जुळवले नाहीत तर पिस्टन वर हेडवर आदळेल. शिवाय बेअरिंगच्या जागा, तेलाची भोके, फ्लायव्हीलचे बोल्ट, शाफ्टचा तोल हे सारे तपासावे लागते. ब्लॉक तसाच दिसतो म्हणून भागणारे नव्हे; कागदावरचे माप जुळले तरच एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या इंजिनात चालतो.

हीच मापे लक्ष्मणराव मुलांना शिकवीत होते. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला वर घेतले गेले. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. तेथे किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होतेच. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. मला तरी त्या शेतकऱ्यांना हसावेसे वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. लोखंडी नांगराचा फाळ झिजल्यावर दुसरा आणावा कोठून, आणि तो भोकाला भोक जुळून बसेल याची हमी कोणाची? ती हमी कारखानदारालाच द्यावी लागते, वर्षानुवर्षे तेच माप राखून.

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडलजवळ ३२ एकर जमीन दिली, दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि नागसापांची वस्ती! १९१० साली तेथे कारखाना आणि कामगारांची घरे उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात कच्चा माल दुर्मिळ झाला, तरी भट्टी विझू दिली नाही.

पुढची पिढी तयार होती. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना निघाला. लेथ खरा असेल तरच त्यावर उतरलेला शाफ्ट खरा, हे रेखाचित्राच्या मास्तरांना कोणी सांगायला नको होते. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि क्रँकशाफ्टचे माप हा घरचाच विषय झाला. विहिरीवर मोटेच्या जागी इंजिनाची धडधड सुरू झालेली लक्ष्मणरावांनी आपल्या हयातीत पाहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.