रेमंड लोवी : वस्तूंना चेहरा देणारा माणूस

शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. म्हणून मी एका परक्या माणसाबद्दल लिहिते आहे. त्याचा आपल्या शाळेशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आठवा. खरखरीत कागद, थोडी फिसकटलेली शाई आणि कडेला हमखास पुसट झालेला एखादा उपप्रश्न. त्या सायक्लोस्टाईल केलेल्या असायच्या. सायक्लोस्टाईलच्या यंत्रांमध्ये गेस्टेटनर हे नाव जगभरच्या शाळा-कचेऱ्यांत माहीत होतं. त्या यंत्राला नीटस रूप दिलं ते रेमंड लोवी यांनी.

लोवींचा जन्म ५ नोव्हेंबर १८९३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील मूळचे व्हिएन्नाचे, पेशाने पत्रकार. मुलाला लहानपणापासून आगगाड्या आणि विमानांचं वेड. १९०८ मध्ये, म्हणजे आपण नववी-दहावीत असतो त्या वयात, त्याने केलेल्या विमानाच्या प्रतिकृतीला स्पर्धेत बक्षीस मिळालं. पुढे त्याने अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात लढून शौर्यपदकही मिळवलं. युद्ध संपलं तेव्हा आईवडील राहिले नव्हते. १९१९ मध्ये जेमतेम पैसे खिशात घेऊन हा तरुण न्यूयॉर्कच्या बोटीत बसला.

तिथे सुरुवात झाली ती दुकानाच्या काचेमागची सजावट करण्यापासून. मेसीज या मोठ्या दुकानात त्या काळी शोकेसमध्ये मावेल तितका माल रचून ठेवायची पद्धत होती. लोवींनी एका शोकेसमध्ये फक्त एक पुतळा उभा केला, त्याला उंची पोशाख घातला आणि बाकीची जागा जवळजवळ मोकळी सोडली. मालकांना ते रुचणार नाही हे ओळखून त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. पुढची काही वर्षं फॅशनच्या मासिकांसाठी चित्रं काढण्यात गेली. पैसा बरा मिळत होता. पण रस्त्यावर, घरात, कचेरीत दिसणाऱ्या वस्तू इतक्या बेढब का, हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

१९२९ मध्ये सिग्मंड गेस्टेटनर त्यांच्याकडे आपलं यंत्र घेऊन आले. त्या यंत्राची चाकं, पट्टे, दांडे सगळं उघडं होतं आणि पाय बाहेर फाकलेले. शाई सगळीकडे उडायची, धूळ आत बसायची. लोवींनी मॉडेलिंगची माती आणली, यंत्रावर थापली आणि हाताने आकार देत त्या पसाऱ्यावर एक सलग कवच घडवलं. बाहेर राहिलं ते फक्त चालवणाऱ्याला लागणारं. मुळातलं यंत्र तेच राहिलं, पण ते हाताळणं सोपं झालं, स्वच्छ ठेवणं सोपं झालं आणि कचेरीत ते उपरं दिसेनासं झालं. हेच रूप पुढे बरीच वर्षं टिकलं.

मग कामं येत गेली. सीअर्स कंपनीचा कोल्डस्पॉट फ्रीज १९३५ मध्ये बाजारात आला. साधा, गुळगुळीत, आत न गंजणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाळ्या. त्याची विक्री झपाट्याने वाढली. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने तर या माणसाला आधी स्टेशनावरच्या कचऱ्याच्या डब्याचं काम दिलं! ते त्यांनी मन लावून केलं, म्हणून मग इंजिनं मिळाली. जीजी-१ नावाच्या विजेच्या इंजिनाचं अंग हजारो रिव्हेट ठोकून जोडलं जाणार होतं. लोवींनी ते वेल्डिंगने जोडायला सुचवलं. इंजिन देखणं झालं आणि बनवण्याचा खर्चही वाचला. मला स्वतःला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात सौंदर्य आणि काटकसर एकाच निर्णयातून आली आहे.

पॅकेजिंगच्या क्षेत्रात मात्र त्यांचं नाव झालं ते १९४० च्या सुमारास. लकी स्ट्राइक सिगारेट बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांनी त्यांच्याशी ५० हजार डॉलरची पैज लावली, की आमच्या पाकिटात तुम्ही सुधारणा करून दाखवा. पाकीट गडद हिरवं होतं आणि एका बाजूला लाल वर्तुळ, दुसऱ्या बाजूला मजकूर. लोवींनी हिरवा रंग काढून पाकीट पांढरं केलं, मजकूर अरुंद कडेवर नेला आणि लाल वर्तुळ दोन्ही बाजूंना छापलं. इतकंच. पण आता पाकीट टेबलावर कसंही पडलं तरी नाव वरच दिसणार होतं, आणि हिरव्या शाईचा खर्चही वाचला. पैज ते जिंकले. १९४२ मध्ये नवं पाकीट बाजारात आलं तेव्हा कंपनीने जाहिरातीत युद्धाचं कारण पुढे केलं. हिरव्या रंगाला लागणारा धातू म्हणे सैन्यासाठी दिला. देशभक्तीचं वेष्टन चढवलं की मालाला वेगळंच वजन येतं, हे त्या कंपनीला बरोबर कळत होतं.

लोवींची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकांना नवं हवं असतं, पण फार नवं दिसलं की ते बिचकतात. म्हणून वस्तू इतकी पुढची असावी की ती हवीशी वाटेल, आणि इतकी ओळखीची असावी की हात लावायला भीती वाटणार नाही. ही सीमारेषा कुठे आहे ते शोधणं म्हणजे डिझाइन. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच शोधत असतो. ॲपमधलं एखादं बटण सवयीच्या जागेवरून हलवलं की दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस पडतो. काहीच बदललं नाही तर लोक दुसऱ्या ॲपकडे जातात. संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी या माणसाने हे गणित मांडून ठेवलं होतं.

पण या माणसाची आरती ओवाळून थांबता येत नाही. ते पांढरं, स्वच्छ, आकर्षक पाकीट सिगारेटचं होतं. त्या काळात सिगारेटच्या धोक्याची आजच्याइतकी जाण नव्हती हे खरं. तरीही चांगलं वेष्टन आतल्या वस्तूला चांगलं बनवत नाही, फक्त जास्त घरांत पोचवतं. आज याची उलटी बाजू आपण पाहतो. ऑस्ट्रेलियाने २०१२ च्या अखेरीपासून सिगारेटच्या पाकिटांना एकच मळकट रंग सक्तीचा केला आणि तो निवडताना कुठला रंग सर्वांत नकोसा वाटतो याची पाहणी केली. भारतात एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. लोवींच्या कलेत किती ताकद होती याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. ती निष्प्रभ करायला सरकारांना कायदे करावे लागले.

दुसरी गोष्ट श्रेयाची. लोवींच्या कचेरीत अनेक गुणी माणसं होती. स्टुडबेकरच्या १९५३ च्या गाजलेल्या मोटारीचं मुख्य काम रॉबर्ट बर्क यांचं होतं. १९६२ च्या अवांती मोटारीमागे टॉम केलॉग, बॉब अँड्र्यूज आणि जॉन एबस्टाइन होते. पण जगाला दिसलं ते एकच नाव. कोका-कोलाच्या प्रसिद्ध बाटलीचं श्रेयही अनेक ठिकाणी लोवींना दिलेलं आढळतं. ती मूळ बाटली १९१५ मध्ये रूट ग्लास कंपनीच्या अर्ल डीन यांनी रेखाटली होती. लोवींच्या कचेरीने पुढे १९५५ च्या सुमारास मोठ्या आकाराच्या बाटल्यांवर काम केलं. ज्यांनी ज्यांनी टीममध्ये काम केलं आहे, त्यांना यातली बोच वेगळी सांगायला नको.

१९४९ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विमानाची निळी-पांढरी रंगसंगती आणि शेल कंपनीचं १९७१ चं शिंपल्याचं चिन्ह ही त्यांचीच कामं. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते स्कायलॅबचं काम. या अवकाशस्थानकात माणसं आठवडेच्या आठवडे राहणार होती. लोवींनी आग्रह धरला की तिथे बाहेर पृथ्वी पाहायला एक खिडकी हवी, प्रत्येकाला झोपायला स्वतःची जागा हवी आणि जेवताना तिघांना एकमेकांची तोंडं दिसायला हवीत. खिडकीने काम वाढणार होतं, म्हणून अभियंते कुरकुरले. तरी ती झाली, आणि १९७३ मध्ये तिथे गेलेल्या अंतराळवीरांचा मोकळा वेळ त्या खिडकीपाशीच जात असे.

१४ जुलै १९८६ रोजी मोनॅकोत, ९२ व्या वर्षी लोवींचं निधन झालं. विक्री वाढवणं हा त्यांचा धंदा होता आणि त्याची त्यांना लाज नव्हती. पण स्कायलॅबमध्ये विकायला काहीच नव्हतं, दुकान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. तिथे फक्त घरापासून लांब असलेली तीन माणसं होती, आणि वयाच्या सत्तरी-ऐंशीत या डिझायनरने त्यांच्यासाठी एका खिडकीचा हट्ट धरला. आपल्यापैकी कुणी पूल बांधतं, कुणी औषधं बनवतं, कुणी वर्गात शिकवतं, कुणी दुकान चालवतं. आपलं काम शेवटी कुणाच्या हातात जाणार आहे, हा विचार मनात ठेवायला लोवींची ही एक खिडकी पुरेशी आहे.