सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांची वल्ह्यांची गलबते

सातारा-सांगलीकडील आपल्या ज्ञातिबांधवांना नाव म्हटली की कृष्णेवरची तर आठवते. १९२९ मध्ये सांगलीस आयर्विन पूल झाला तोवर पैलतीरास जाण्याचा भरवशाचा मार्ग तोच होता. महापुरात तर गुऱ्हाळाची काहीलही नावेचे काम करी. अशा घाटावरच्या वाचकांपुढे समुद्रावरील पुरुषाचे चरित्र ठेवण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हेच की, सातारच्या ज्या गादीचा आपणांस अभिमान वाटतो, तिची समुद्राकडील बाजू पंधरा वर्षे ज्याने राखली, तो सरखेल मूळचा संकपाळ कुळातील होता. आणि हे आडनाव आपल्या गावोगावी आजही नांदत आहे.

आंगरवाडी या गावावरून या घराण्यास आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीस होते. समुद्र हीच मुलाची शाळा झाली. छत्रपती राजाराममहाराज जिंजीकडे असता कोकणपट्टीवर मोगल व जंजिऱ्याचा सिद्दी यांचा जोर झाला होता. त्या पडत्या काळात कान्होजींनी किनारा धरून ठेवला आणि सिधोजी गुजर यांच्या पश्चात, १६९८ च्या सुमारास, आरमाराचे आधिपत्य त्यांच्याकडे आले.

त्यांचे बळ कशात होते, हे समजावयाचे तर त्यांची तारवे नीट पाहिली पाहिजेत. मोठे जहाज ते गुराब. त्यास दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. पाण्यात बूड थोडेच बुडे. नाळ पुढे लांब निघालेली, आणि तिच्या मागून समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा. परंतु आमच्या मते आंग्र्यांचे खरे शस्त्र गुराब नव्हे, तर गलबत होय. गलबत हे आकाराने लहान, मोठ्यात मोठे सत्तर टनांच्या आतबाहेर. मोठ्या डोलकाठीवर एकच भलेथोरले त्रिकोणी शीड. काहींवर तर वजन वाचावे म्हणून चिरलेल्या बांबूंचा तक्ता अंथरलेला असे. आणि दोन्ही अंगांना मिळून चाळीस ते पन्नास वल्ही! वारा असो वा नसो, ताशी चार मैलांच्या वेगाने ते चालत असे.

वारा पडला म्हणजे फिरंगी व इंग्रज यांची उंच जहाजे जागच्या जागी खिळून राहात. त्यांच्या तोफांच्या रांगा कुशीस असत. पिछाडीस मारा अगदी थोडा. नेमक्या अशा वेळी गलबते वल्ही मारीत निघत, गुराबांना दोर लावून ओढीत शत्रूच्या पाठीमागे आणीत. गुराबांनी डोलकाठ्या व दोरखंड फोडून जहाज पांगळे केले की, माणसांनी भरलेली गलबते चोहोंकडून भिडत आणि तरवारी घेऊन लोक वर चढत. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराचे स्वतःचे जहाज आंग्र्यांच्या हाती लागले, तेव्हा कंपनीस या आरमाराची पुरती ओळख पटली. पुढे १७२० मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर सपाट बुडाचा, जाड भिंतींचा एक तरंगता तोफखानाच बांधून आणला. त्या अवजड धुडाकडून काही साधले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आपल्या कुळाचा पुरुष म्हणून कान्होजींचा गौरव करावा, पण वल्ह्यावर जे बसत ते बहुतांशी कोळी, भंडारी, खारवी होते, हे विसरू नये. त्यांच्या दंडांवाचून सरखेलीची वस्त्रे कोरडीच राहिली असती.

आता सातारा. १७०८ मध्ये शाहूमहाराजांनी तेथे राज्याभिषेक करविला, तेव्हा कान्होजी ताराबाईसाहेबांच्या पक्षास होते. १७१३ मध्ये त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्याच कैदेत पडले आणि लोहगड व राजमाची हातची गेली. सातारा दरबारास मोठी धास्ती पडली. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. कान्होजींचा व त्यांचा जुना स्नेह. १७१४ च्या आरंभी त्यांनी लढाईऐवजी बोलण्याने काम केले. कान्होजींनी शाहूमहाराजांची सत्ता मानली, बहिरोपंतांस सोडले. महाराजांनी सरखेली कायम करून दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे दिली. समुद्र जाणणाऱ्यास समुद्र सोपविला, यात दरबाराचे शहाणपणच दिसते. त्याचे फळ १७२१ च्या अखेरीस मिळाले. इंग्रज व पोर्तुगीज मिळून सुमारे सहा हजार फौजेनिशी कुलाब्यावर आले, तेव्हा बाजीराव पेशवे मदतीस धावले. इंग्रजांस हात हलवीत परतावे लागले आणि पोर्तुगीजांनी निराळा तह केला.

सातारजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्यावर कान्होजींची मोठी श्रद्धा होती. १७२७ मध्ये सिद्दी सात याने परशुरामाचे देवस्थान लुटले, त्यानंतर स्वामी कोकण सोडून घाटावर आले, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. पुत्रांत दुही माजली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत, तुळाजीच्या वेळी, पेशवे व इंग्रज एक होऊन विजयदुर्गावर गेले. एका गोळ्याने गोदीतील एक जहाज पेटले, आग पसरली आणि एका दिवसात आंग्र्यांच्या त्या आरमाराची राख झाली. १७१४ चा तह जोडणाऱ्या बाळाजीपंतांचा नातूच त्या वेळी पेशवा होता.